वडगावातला घाणा आणि रविवार पेठेतला डबा

बेळगावच्या वडगावात विणकरांच्या गल्ल्या संपत येतात तिथं एक लाकडी घाणा आहे. पाटीवर कानडीत ‘गाणद एण्णे’, खाली मराठीत ‘घाण्याचं तेल’, एवढंच. दुकानाला नावच नाही, तर मी तरी काय देणार! मोटरीची घुरघुर ऐकू आली आणि ओल्या शेंगदाण्याचा वास नाकात शिरला की पोचलात म्हणून समजा.

मी शहापुरात चकली, शेव, शंकरपाळ्या करून दुकानांना देते. त्यासाठी रविवार पेठेतून पामतेलाचे डबे येतात, गिऱ्हाईक जरा चोखंदळ असेल तर सूर्यफुलाचे. घरच्या स्वयंपाकाला मात्र याच घाण्याचं शेंगतेल. दोन्ही तेलं रोज हाताखालून जातात, म्हणून दोन्हीबद्दल बोलते.

तेल चांगलं आहे. रंग पिवळसर, जरा गढूळ, वास असा की बाटली उघडली की शेजारची खोली विचारते काय करताय. शेंगाचटणीवर कच्चं घालून भाकरीबरोबर खा, दुसरं काही लागत नाही. भरल्या वांग्याला तर तेल निम्मं पुरतं. सगळं काम समोर होतं: दाणे घाण्यात पडतात, पाण्याचा एक हबका बसतो, लाट, म्हणजे घाण्यातला दांडा, सावकाश फिरत राहते, तेल गरम म्हणून होत नाही. अडीच किलोच्या आसपास दाण्याला लिटरभर तेल सुटतं, उरलेली पेंड म्हशीवाले घेऊन जातात. हा हिशोब डोळ्यांनी बघितला की दर ऐकून तोंड वाकडं करायची सोय राहत नाही.

दर ३२० रुपये किलो. पामतेलाच्या दुपटीहून जास्त. आणि तळणीला हे तेल घेऊ नका, मी घेऊन बघितलंय. कढई तापून चकली सोडली की फेस वर येतो, चकलीच्या दुसऱ्या खेपेला तेल काळपट पडतं आणि चकलीला शेंगेचा वास राहतो. काहींना आवडेलही, पण माझ्या दुकानदारांना नाही आवडला.

आता खरी गोष्ट. घाणेवाले मामा प्रत्येक गिऱ्हाइकाला एक वाक्य ऐकवतात, ते त्यांची जाहिरातच समजा. “अक्का, आमच्या शेंगा बैलहोंगलच्या. आमाला कुठला देश अडवूलाय सांगा की!” बैलहोंगल म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला तालुका. मला ते वाक्य पहिल्यांदा फुशारकी वाटलं होतं. पण मी रविवार पेठेत डबे घेत आलेय, आणि माझा डबा कुणीकुणी अडवला ते मला चांगलंच माहीत आहे.

जानेवारी २०२० घ्या. मलेशियाचे पंतप्रधान महाथीर मोहमद आदल्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवर बोलले होते, मग नागरिकत्व कायद्यावरही बोलले. दिल्लीनं रिफाइंड पामतेल आयातीच्या ‘मुक्त’ यादीतून काढून ‘प्रतिबंधित’ यादीत टाकलं, म्हणजे आणायला परवाना लागणार. कागदावर मलेशियाचं नाव नव्हतं, पण रिफाइंड माल मुख्यतः तिथूनच येत होता, त्यामुळं घाव बरोबर बसला. महाथीर म्हणाले, उलट कारवाई करायला आम्ही फार लहान आहोत. लगोलग तिथल्या एका साखर कंपनीनं भारताकडून १ लाख ३० हजार टन कच्ची साखर घ्यायचं ठरवलं. आमच्या चिकोडी-गोकाककडं साखर कारखान्यांची काय वाण आहे, पण आमच्या उसावर परदेशातले रुसवेफुगवे मिटवले जातात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. फेब्रुवारीत महाथीरांनी राजीनामा दिला आणि मे महिन्यात मलेशियाकडून खरेदी पुन्हा सुरू झाली.

यात मला एक गंमत वाटते. तेल विकणाऱ्या देशाचा जोर चालतो असं आपण पेट्रोलमुळं धरून चाललोय. इथं जोर घेणाऱ्याचा चालला. जगात खाण्याचं तेल सगळ्यात जास्त बाहेरून आणणारा देश आपला, आपल्याला लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरचं. एवढं मोठं गिऱ्हाईक रुसलं की विकणाऱ्याला बोलावंच लागतं. मी व्यापाऱ्यावर असं रुसून बघितलं तर तो दुसऱ्या दिवशी उधारी बंद करेल.

दोन वर्षांनी उलटी बाजू दिसली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला. आपलं सूर्यफूल तेल बहुतेक युक्रेनमधून यायचं, बाकीचं रशिया आणि अर्जेंटिनातून. काळ्या समुद्रातली बंदरं बंद पडली आणि सूर्यफुलाचा डबा बाजारातून गायबच झाला. म्हटलं ठीक आहे, पाम आहे. तर २८ एप्रिलला इंडोनेशियानं पामतेलाची निर्यातच थांबवली. जगात सगळ्यात जास्त पामतेल पिकवणारा देश, पण त्यांच्याच बायका तेलासाठी रांगेत उभ्या होत्या, सरकारला घरचा दर उतरवायचा होता. त्यात आपल्याशी भांडण असं काही नव्हतंच. व्यापारी फोनवर म्हणाला, “वैनी, आज दर विचारू नका, उद्या विचारा.” बंदी २३ मेला उठली. तिथल्या टाक्या भरून वाहायची वेळ आली, शेतकऱ्यांच्या फळाचा भाव कोसळला, ते जकार्तात मोर्चा घेऊन आले. म्हणजे नळ बंद करणाऱ्याच्या दारातही पाणी तुंबतंच. त्या महिन्यात मी शेव बंद ठेवून चुरमुऱ्याच्या चिवड्यावर भागवलं.

आता तर इंडोनेशियाला आपल्यावर रागवायचीही गरज राहिलेली नाही. २०२५ पासून त्यांनी डिझेलमध्ये ४० टक्के पामचं बायोडिझेल घालायचं ठरवलंय. म्हणजे माझ्या कढईत येणारं तेल तिकडच्या लॉरीत जाणार. आणि सूर्यफुलाचं म्हणाल तर युद्धानंतर आपला सगळ्यात मोठा पुरवठादार रशियाच झालाय. युद्ध कुणी सुरू केलं आणि डबा कुणाचा उघडतोय, याचा विचार चकलीचा साचा फिरवताना करू नये.

मामांच्या वाक्यात खोट कुठं, ते सांगते. २०२२ च्या त्या उन्हाळ्यात त्यांचाही दर चढला होता. शेंगा बैलहोंगलच्या असल्या तरी शेंग विकणारा व्यापारी पामचा भाव बघूनच बोलतो. डबा महागला की लोक शेंगतेलाकडं वळतात आणि शेंग चढते. हे त्यांना ऐकवलं तर म्हणाले, “चढलं की ओ, पर थांबलं न्हाई.” ते मात्र खरं. तेव्हाही त्यांच्याकडं तेल मिळत होतं. दराची हमी कुणाकडंच नाही, मालाची आहे ती इथं.

आपलं सरकारही यात कमी नाही बरं का. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलावरचा आयात कर साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के केला, रिफाइंडवरचा पावणेछत्तीस. दिवाळीच्या ऑर्डरी घेऊन बसले होते, जुन्या दरानं. मी चिडून भावाला फोन केला, तर तो खुशीत. तो चिकोडी तालुक्यात सोयाबीन करतो. हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल आणि बाजारात व्यापारी त्याच्या कितीतरी खाली मागत होते. बाहेरचं तेल महागल्याशिवाय आमचं सोयाबीन कोण घेणार, असं त्याचं म्हणणं. त्याला चूक म्हणता येईना आणि मला बरोबर म्हणवेना. त्या फोनवर आम्ही शेवटी आईच्या गुडघ्यावर बोललो. पुढं मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचा कर साडेसोळा टक्क्यांवर आणला. त्यानंतर भावाचा फोन जरा उशिरा यायला लागला.

आपल्याच कर्नाटकात एके काळी सूर्यफुलाची शेतं डोळे दिपतील अशी होती, अजूनही या पिकात राज्याचं नाव पुढंच आहे, पण क्षेत्र फार आटलंय. स्वस्त बाहेरचं तेल वर्षानुवर्षं येत राहिलं तर कोण कशाला पेरेल. मामांकडं सूर्यफुलाचं तेल मागितलं तर नाहीच म्हणतात. बी मिळत नाही पुरेसं.

परत दुकानाकडं. तक्रारी आहेत. बिल मागितलं तर मामा असे बघतात जणू मी आयकरवाली. गाळ नीट बसायच्या आत तेल भरून देतात. घरी आणून दोन-तीन दिवस स्टीलच्या डब्यात निवळू द्या, वरचं तेल काढून घ्या, खालचा गाळ टाकू नका, आमटीत चालतो. प्लास्टिकच्या बाटल्या पातळ आहेत. आपला डबा नेला तर किलोमागे पाच रुपये कमी करतात, सून गल्ल्यावर असेल तर न मागता, मामा असतील तर मागून. लाइट गेली की घाणा बंद, तेव्हा उन्हाळ्यात आधी फोन करून जा. गाडी लावायला जागा नाही, कोपऱ्यावरच्या देवळापाशी लावून चालत या.

करडईचं तेलही काढून देतात, पण करडई आपण आणून द्यायची, काढणावळ वेगळी. निदान एक घाणा भरेल एवढी न्या, थोडीशी नेली तर ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणून ठेवून घेतात आणि पुढचा आठवडा लवकर येत नाही. तेवढी करडई एकट्या घराला जास्त होते, म्हणून आम्ही गल्लीतल्या चौघीजणी मिळून नेतो.