जनगणना प्रगणकांचे प्रशिक्षण, सोलापूर : एका शिक्षकाचा अभिप्राय

२०११ च्या जनगणनेत कागदी अनुसूची घेऊन मी सोलापूरच्या पूर्व भागात प्रगणक म्हणून फिरलो होतो. त्यामुळे २०२७ च्या जनगणनेतील घरयादीसाठी, म्हणजे घरे आणि कुटुंबे नोंदवण्याच्या पहिल्या टप्प्यासाठी, झालेल्या प्रशिक्षणाकडून माझ्या अपेक्षा अधिक होत्या. त्यांतल्या बऱ्याचशा पूर्ण झाल्या, पण एक महत्त्वाची बाब राहून गेली.

ॲपवर ३३ प्रश्नांचा सराव प्रत्येकाकडून करून घेतला, तो उत्तम झाला. जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ नुसार ही माहिती गोपनीय राहते, हे प्रशिक्षकांनी पुन्हापुन्हा बजावले. ते आवश्यकच होते, कारण विडी वळत उंबऱ्यात बसलेली बाई आधी विचारते, “यानं माझं रेशन तर बंद होणार नाही ना?”

सर्वांत उपयोगी ठरला तो फळ्यावर काढलेला एक घराचा नकाशा. खाली यंत्रमाग, वर थोरला भाऊ, मागच्या जिन्याने धाकटा. कुटुंबे किती? स्वयंपाक एकत्र असेल तर एक, चुली वेगळ्या असतील तर दोन. व्याख्या पाठ असूनही आमच्यापैकी निम्म्यांचे उत्तर चुकले, आणि पूर्व भागात अशी घरे गल्लोगल्ली आहेत. कुटुंब मुख्यत्वे कोणते धान्य खाते, हा यंदाचा नवा प्रश्न तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या घरांत कसा विचारावा, याचा सराव मात्र झाला नाही. दुपारी भाकरी आणि रात्री भात खाणाऱ्या घरात या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नसते.

राहून गेलेली बाब गटांच्या, म्हणजे एकेका प्रगणकाला नेमून दिलेल्या भागांच्या, सीमांची. कुंभारीच्या रे नगरात १९ जानेवारी २०२४ रोजी १५ हजार घरांचे हस्तांतरण झाले. २०११ च्या गटांत ही वसाहत असणे शक्यच नव्हते. ज्यांनी शहरातली जुनी खोली अजून सोडलेली नाही, त्यांचे कुटुंब दोन ठिकाणी नोंदले जाईल किंवा दोन्ही दारांना कुलूप दिसून कुठेच नोंदले जाणार नाही. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात येते, तर शहर महापालिकेच्या हद्दीत. म्हणजे दोन वेगळ्या यंत्रणांनी याद्या समोरासमोर ठेवूनच ही चूक टळेल. मी हा प्रश्न विचारला, तेव्हा “ते वरून ठरेल” एवढेच उत्तर मिळाले, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटले. राज्य शासनाने शिक्षक, फोन आणि हजेरीपत्रके जुळवली, तरी गटाची हद्द चुकली तर प्रामाणिक प्रगणकाची मोजणीही चुकते.

प्रत्यक्ष लोकसंख्या मोजण्याचा दुसरा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये, ऐन गाळप हंगामात येतो. तेव्हा साखर कारखान्यांभोवतीच्या कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, ऊसतोड कुटुंबे उतरलेली असतील. त्या प्रशिक्षणात कोप्यांची मोजणी आणि गटांच्या हद्दींची प्रत्यक्ष पाहणी यांसाठी अर्धा दिवस तरी राखून ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.