सैराट : पटकथा वाचायची असेल तर मध्यांतरानंतर बघा

आमच्या कॉलेजात एकांकिका स्पर्धांच्या दिवसांत पोरं संहिता घेऊन येतात, त्यात एखादी तरी ‘सैराटसारखी’ असतेच. पाटलाची पोरगी, गरिबाचा पोरगा, पोरीचा भाऊ, कोयता, अंधार. वाचून झालं की मी विचारते, पळून गेल्यावर ही दोघं पहिल्या रात्री जेवली काय? त्यावर ‘मॅडम, ते कशाला दाखवायचं?’ असं उत्तर येतं. म्हणून हा रिव्ह्यू फक्त पटकथेचा. गाणी, कॅमेरा, कमाई यांवर लिहून झालंय. शेवट फोडलाय, पण 29 एप्रिल 2016 ला आलेल्या सिनेमाचा शेवट अजून माहीत नसलेला माणूस मला आमच्या बार्शीत तरी भेटलेला नाही.

लेखन-दिग्दर्शन नागराज मंजुळे यांचं. लांबी जवळपास तीन तास. गोष्ट तात्या पाटलांची पोरगी आर्ची आणि गरीब घरातला परश्या यांची. पूर्वार्ध पसरट आहे हा आक्षेप मला अर्धाच पटतो. बिटरगावच्या क्रिकेटच्या मैदानावर ती कॉमेंट्री चालू असते तेव्हा आपण हसत असतो, आणि तेवढ्यात तात्या पाटील कोण हे आपल्याला कळून चुकलेलं असतं. पुढे आर्चीचा भाऊ प्रिन्स भर वर्गात प्राध्यापकांच्या कानाखाली वाजवतो. एवढ्यावर गावाचा नकाशा पुरा होतो: मान कुणाचा, आवाज कुणाचा आणि मार खाऊन गप्प कुणी बसायचं. त्यामुळे प्रिन्सच्या वाढदिवसाच्या रात्री आर्ची आणि परश्या सापडतात तेव्हा पुढे काय होणार, हे कुणी उभं राहून समजावून सांगत नाही. पोरांच्या संहितेत अशा जागी बाप हमखास ‘आपलं खानदान’ वगैरे पानभर बोलतो.

पूर्वार्धातली आर्ची सगळ्यांना आवडते. बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, विहिरीत पोहते, पोरांना झापते. पण तिचं ते धाडस वाड्याचं आहे, याकडे कमी लोकांचं लक्ष जातं. परश्या आणि त्याच्या मित्रांवर बलात्काराची खोटी तक्रार होते, तेव्हा ती पोलीस ठाण्यात जाऊन कागद फाडते. ते करायची छाती तिला आडनावाने दिलेली असते. मासेमारी करणाऱ्या काळ्यांच्या पोराने तोच कागद फाडून दाखवावा! पटकथा या गोष्टीवर बोट ठेवत नाही, नुसती मांडते आणि नंतर वसूल करते.

वसुली दोघं पळून पोचतात त्या हैदराबादेत सुरू होते. तिथे पाटील म्हटलं तर कुणी मान वळवत नाही. झोपडपट्टीतली खोली, तिथला वास, आर्चीचं रडणं. स्वयंपाक तिला येत नाही, तो परश्या करतो. तिथे आसरा देणाऱ्या सुमनअक्काच्या डोशाच्या गाडीवर परश्या हाताखाली लागतो, आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात जाते आणि तेलुगू शिकते. वाड्यात आयती मिळालेली हिंमत या पोरीला इथे पगारासारखी महिन्या-महिन्याने कमवावी लागते. चित्रपटाची चारही गाणी मध्यांतराच्या आत संपलेली असतात. उत्तरार्धात एक नाही. हा निर्णय संगीताचा वाटतो, पण तो पटकथेचा आहे. खोलीत गाणं वाजलं असतं तर भांडणं ऐकू आली नसती.

आणि भांडणं होतात. गावात जो पोरगा तिच्याकडे नुसतं बघून विरघळायचा, तोच परश्या ती कुणाशी हसून बोलली की संशय घेतो, आणि एकदा भर रस्त्यात तिच्यावर हात टाकतो. ती निघून जाते, गाडीत बसते, तो इकडे गळफास लावायला निघतो, ती परत येते. माझ्या मते सैराटची खरी पटकथा ही आहे. प्रेमाला विरोध करणारी घरं दोनशे कोस मागे राहिली आणि तरी घरातला पुरुष खोलीत शिरलाच. खलनायक बाहेर आणि प्रेमिक धुतल्या तांदळासारखे, ही सोय लेखकाने स्वतःला दिलेली नाही. संहिता घेऊन येणाऱ्या पोरांना मी हाच तुकडा दाखवते. मुली गप्प बसतात, मुलगे म्हणतात ‘मॅडम, परश्या असं करणार नाही’. म्हणजे तुकडा लागू पडला.

मागे राहिलेल्या घरांची बाजूही थोडक्यात येते. पंचांपुढे गयावया करणारा परश्याचा बाप आणि त्याच्या बहिणीची अडलेली सोयरीक, एवढंच. पण पळून जाण्याचं बिल नेमकं कुणाच्या नावावर फाटतं ते त्यात दिसतं. हा भाग अजून थोडा हवा होता.

त्रुटी आहेत. हैदराबादच्या पहिल्याच रात्री गुंडांच्या तावडीतून सोडवायला सुमनअक्का ऐन वेळेला येते, खोलीसुद्धा देते. छाया कदम यांच्यामुळे ते खपून जातं, कागदावर वाचलं असतं तर मी लाल पेनने गोल केला असता. परश्याचे मित्र लंगड्या आणि सल्या ही पूर्वार्धाची जान, पण नंतर त्यांच्या वाट्याला फार काही येत नाही. गावात ज्यांच्या जिवावर ही दोघं निसटली, त्यांचं गावात काय झालं हे मला हवं होतं. लंगड्याच्या पायावरचे विनोदही आता बघताना टोचतात.

एक आडवळण. रजिस्टर लग्न हा प्रकार या सिनेमात, आणि आमच्या सगळ्याच संहितांत, सही करून उरकतो. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते. दोघंही हिंदू असतील तर हिंदू विवाह कायद्याने विधी करून नोंदणीचा रस्ता मोकळा असतो. पण धर्म वेगळे असतील तर ते 30 दिवस म्हणजे घरच्यांना पत्ता लागायची पुरेपूर मुदत. यावर कुणी पटकथा लिहीत नाही याचं मला नवल वाटतं. फळ्यावर लावलेला एक कागद आणि तीस दिवस, एवढ्यावर अख्खा सिनेमा उभा राहील.

शेवटाबद्दल. पोरं कोयत्यापाशी पोचतात, पण त्याआधीचा फोन विसरतात. बरे दिवस आलेत, लेकरू झालंय, आर्चीला आईची आठवण येते आणि ती फोन करते, लेकराला बोलायला लावते. प्रिन्स येतो तो या मायेच्या धाग्याला धरून, आईने दिलेल्या भेटवस्तू घेऊन. ती दारात रांगोळी काढत असते, त्यांना आत बोलावते, परश्या येतो, चहा होतो. मारायला आलेले लोक चहा घेतात. पाहुणचार पुरा होईपर्यंत थांबलेली ही हिंसा पटकथाकाराने ज्या संयमाने लिहिली आहे, तो संयम नकल करणाऱ्यांत सापडत नाही.

2018 ला याचा हिंदी रिमेक ‘धडक’ आला, गाव उदयपूर झालं, पळून जायची जागा कोलकाता. तिथे जात पुसट झाली आणि शेवट बदलला. मराठीत आर्ची-परश्या दोघंही जातात, लेकरू उरतं; हिंदीत मुलगी वाचते, नवरा आणि मूल जातात. धक्का बसतो, पण दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं तर मराठी शेवटाचं कारण पहिल्या अर्ध्या तासात पेरलेलं सापडतं, हिंदीतलं सापडत नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा लंगड्या-सल्यासाठी कापला. करंडकासाठी संहिता लिहिणाऱ्यांनी झिंगाट सोडून हैदराबादच्या रेल्वे स्टेशनपासून सुरुवात करावी आणि एक कागद घेऊन बसावं: प्रत्येक प्रवेशात पैसे कुणाकडे आहेत, जेवण कुणी केलंय आणि कोण कुणाच्या भाषेत बोलतंय, एवढंच टिपायचं. टिपून झालं की माझ्याकडे या, संहिता मगच वाचते.