२७० टू विन आणि रिअल क्लिअर पॉलिटिक्स: अमेरिकेची निवडणूक समजून घ्यायला किती कामाची?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं आणि त्याच महिन्यात आपल्या केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काही महिन्यांसाठी उठवलं. यवतमाळ-वर्ध्याकडच्या कापूसवाल्यांना तिकडच्या निवडणुकीकडे दुर्लक्ष करणं परवडणारं नाही. पुढची अध्यक्षीय निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ ला आहे. टीव्हीवरच्या 'अमुक आघाडीवर'पेक्षा ही दोन फुकटची संकेतस्थळं बरीच बरी.

२७० टू विन म्हणजे नकाशा. राज्य दाबत गेलं की रंग बदलतो आणि वरची बेरीजही. अध्यक्ष ठरतो तो राज्यांना वाटून दिलेल्या इलेक्टोरल मतांवर; राज्य जिंकलं की सहसा त्याची सगळी मतं जिंकणाऱ्याला. अशी एकूण मतं ५३८, जिंकायला २७० हवीत. २०२४ च्या निकालाचा नकाशा उघडा आणि सात अटीतटीची राज्यं कोरी करा: पेनसिल्व्हेनिया १९, जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायना १६-१६, मिशिगन १५, अ‍ॅरिझोना ११, विस्कॉन्सिन १०, नेवाडा ६. डेमोक्रॅटांकडे (निळा रंग) उरतात २२६, रिपब्लिकनांकडे (लाल) २१९. आता पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन निळी करा आणि बाकीची चार लाल. निळ्यांचे नेमके २७०. मग नेब्रास्कातला (तिथे काही मतं मतदारसंघवार मिळतात) ओमाहाचा एक मतदारसंघ तेवढा लाल करा, की २६९-२६९. अशी बरोबरी झाली की निवड प्रतिनिधीगृहात जाते आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत: अवाढव्य कॅलिफोर्नियाला एक, तुरळक वस्तीच्या वायोमिंगलाही एकच. देशभरातल्या मतांच्या टक्केवारीवर अध्यक्ष ठरत नाही, हे दहा मिनिटांत बोटांनाच कळतं. राज्यांचे हेच आकडे २०२८ लाही लागू आहेत. मोबाइल मात्र आडवा धरा, डेलावेअरसारखी राज्यं फार बारीक आहेत.

रिअल क्लिअर पॉलिटिक्सची गोष्ट वेगळी. ते अलीकडच्या जनमत चाचण्यांची सरळ सरासरी काढतात. नेहमी एकाच पक्षाकडे झुकणाऱ्या संस्थेचं वजन कमी करत नाहीत. ते करणारं फाइव्हथर्टीएट मार्च २०२५ मध्ये बंद पडलं. पण इथला तक्ता चांगला आहे: प्रत्येक चाचणीची तारीख, नमुना, आणि विचारलं कोणाला, नोंदणीकृत मतदारांना की मत देण्याची शक्यता असलेल्यांना, सगळं एका ओळीत. आधी तेच वाचा, सरासरी नंतर.

कारण सरासरी कशी फसते ते विस्कॉन्सिनमध्ये दिसलं. २०१६ ला तिथे क्लिंटन साडेसहा टक्क्यांनी पुढे दाखवल्या होत्या, ट्रम्प पाऊण टक्क्याने जिंकले. २०२० लाही बायडन साडेसहाच्या वर पुढे, प्रत्यक्षात एक टक्काही नाही. पहिल्या वेळी राज्यांतल्या बऱ्याच चाचण्यांनी शिक्षणानुसार भार दिला नव्हता, म्हणजे नमुन्यात कमी पडलेल्या गटाची उत्तरं वाढवून मोजली नव्हती. कमी शिकलेले गोरे मतदार नमुन्यात कमी पडले आणि तेच ट्रम्पकडे गेले होते. २०२० चा रोग त्याहून अवघड. माध्यमांवर आणि चाचणीवाल्यांवर विश्वास नसलेला माणूस उत्तरच देत नाही, मग त्याच्याच वयाच्या, शिक्षणाच्या दुसऱ्याचं उत्तर वाढवून मोजलं तरी तूट भरत नाही. दुपारी पारावर बसलेल्यांना विचारून गावाचा कौल सांगावा आणि वेचणीला गेलेले सगळे सुटावेत, तसंच हे.

१,००० जणांच्या चाचणीत एका उमेदवाराच्या आकड्यातच ३ टक्के इकडेतिकडे होतात. दोघांमधल्या फरकात जवळजवळ ६. म्हणून एका चाचणीच्या बातमीवर जाऊ नका, चाचणी कितीही नावाजलेली असो. २०२४ ला मतदानाच्या तोंडावर आयोवा राज्यात चाचणीकार सेल्झर यांच्या चाचणीने हॅरिसना ३ टक्के पुढे दाखवलं, वाहिन्यांनी ते उचलून धरलं. ट्रम्प तिथे १३ टक्क्यांनी जिंकले.

वापरायची रीत अशी: सात राज्यांची सरासरी लिहून घ्या. प्रत्येकात ४ टक्के आधी एका पक्षाला, मग दुसऱ्याला द्या आणि दोन्ही नकाशे रंगवा. चूक सहसा सगळ्या राज्यांत एकाच दिशेला होते, म्हणून एकेक राज्य सुटं धरू नका. दोन्ही नकाशांत एकच विजेता आला तरच ते 'आघाडीवर' माना.

निकालाच्या दिवशी हा नकाशा हाताशी ठेवा. आपल्याकडच्यासारखा देशभराचा निकाल जाहीर करणारा निवडणूक आयोग तिकडे नाही. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था आणि वाहिन्या राज्यागणिक विजेता सांगतात. जॉर्जियाचं मतदान आपल्या पहाटे साडेपाचला संपतं, पेनसिल्व्हेनियाचं साडेसहाला, विस्कॉन्सिनचं साडेसातला. पेनसिल्व्हेनियात टपाली पाकिटं मतदानाच्या दिवसाआधी उघडताच येत नाहीत आणि त्यांत निळ्यांची मतं जास्त असतात, म्हणून सकाळी दिसणारा लाल आकडा दुपारपर्यंत उतरू शकतो. त्याआधी ते राज्य रंगवू नका.