शनिवारच्या सरावाचे आठ महिने

कोल्हापुरात विधी शाखेच्या चौथ्या वर्षात शिकणाऱ्या आम्ही अकरा जणांनी गेल्या जुलैपासून दर शनिवारी दुपारी आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायद्याचा सराव सुरू केला. मूट कोर्ट आमच्या अभ्यासक्रमात अनिवार्यच आहे, पण तिथे तीन सराव-खटले प्रत्येकी १० गुणांसाठी उरकले जातात आणि वादाची ओळख होण्याआधीच युक्तिवाद संपतो. आम्हाला एकच वाद महिनोन्महिने हाताळून पाहायचा होता.

साहित्याला खर्च जवळजवळ आला नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे निकाल आणि पक्षकारांची लेखी निवेदने त्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, करारांचे मूळ पाठ ‘इकोलेक्स’ या पर्यावरण कायद्याच्या संकेतस्थळावर शोधता येतात आणि संयुक्त राष्ट्रांच्या ‘इन्फॉर्मिया’ या संकेतस्थळावरील प्राथमिक पाठ आम्ही पहिल्या तीन आठवड्यांत पूर्ण केले.

पहिला वाद निवडला तो अर्जेंटिना आणि उरुग्वे यांचा. दोघांच्या सीमेवरून वाहणाऱ्या उरुग्वे नदीच्या काठी उरुग्वेने कागदाच्या लगद्याच्या कारखान्यांना परवानगी दिली, म्हणून अर्जेंटिना न्यायालयात गेला. २० एप्रिल २०१० च्या निकालानुसार, कारखान्यांविषयी आधी कळवण्याचे कर्तव्य उरुग्वेने मोडले होते. प्रदूषणाचा आरोप मात्र पुराव्याअभावी टिकला नाही. वाचताना ही ओळ सहज मागे पडते, पण अर्जेंटिनाची बाजू मांडायला उभी राहिल्यावर मी तिथेच अडकले. पाण्याच्या तपासणीचे आकडे मीच समजावून सांगत होते आणि वकीलही मीच होते. न्यायाधीशाच्या भूमिकेतील मैत्रिणीने विचारले, “मग तुमची उलटतपासणी कोणी घ्यायची?” मूळ खटल्यातही न्यायालयाने याच गोष्टीवर बोट ठेवले होते: तज्ज्ञांनी वकील म्हणून बोलण्याऐवजी साक्षीदार म्हणून उभे राहावे, म्हणजे त्यांना प्रश्न विचारता येतात. पुढच्या शनिवारी आम्ही रसायनशास्त्र शिकणाऱ्या एका मित्राला साक्षीदार म्हणून बोलावले. स्नानयोग्य पाण्यात जैवरासायनिक प्राणवायूची मागणी, म्हणजे सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, हे त्याने सांगितले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कारखाना सुरू होण्यापूर्वीचे आकडे हाती नसतील तर नंतरचा आकडा कितीही वाईट असला तरी तो कोणाच्या माथी मारता येत नाही, हे त्याच्या उलटतपासणीत उघड झाले. त्यानंतर पंचगंगेच्या घाटावर गेलो तेव्हा पाण्याचा रंग पाहण्याआधी मी विचारले की, इथल्या नोंदी कोणत्या वर्षापासून आहेत.

दुसरा सराव वाटाघाटींचा. एकाच नदीवरील दोन काल्पनिक राष्ट्रे, आणि खालच्या राष्ट्राने बांधलेल्या धरणाचा फुगवटा वरच्या राष्ट्रात शिरतो, अशी मांडणी आम्हीच केली. मी शिरोळ तालुक्यातली. २०१९ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढे पाणी होते आणि कर्नाटकातील अलमट्टी धरणाविषयीचा वाद मी घरातच ऐकत आले आहे. चिठ्ठीत मला नेमके धरण बांधणारे राष्ट्र आले. पहिले दोन शनिवार मला बोलणेच जमले नाही, पण धरण चालवणाऱ्याला कोणती माहिती किती तास आधी लागते, याचा विचार मी प्रथमच केला.

मसुदा आम्ही मराठीत लिहायचे ठरवले आणि क्रियापदाशी अडलो. ‘विसर्गाची माहिती कळवावी’ हा आदेश की सल्ला? शासकीय पत्रातले ‘हजर राहावे’ सक्तीचे असते, घरातले ‘जेवून जावे’ आग्रहाचे. अखेर अधिनियमांच्या मराठी अनुवादाप्रमाणे बंधनासाठी ‘कळवील’ आणि अपेक्षेसाठी ‘कळवावे’ असे पक्के केले. पॅरिस हवामान करारात, डिसेंबर २०१५ मध्ये, शेवटच्या काही तासांत विकसित देशांच्या कलमातील असाच एक बंधनकारक शब्द सौम्य करावा लागला होता. वर्गात ही घटना मी ऐकली होती. तिचे वजन मात्र आमच्या विसर्गाच्या कलमावर तीन शनिवार खर्ची पडल्यावर कळले.

उणिवाही आहेत. वेळ फार जातो, आणि सत्र परीक्षेच्या काळात आमच्यातले दोघे गळाले. निकाल इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये असतात, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेले मित्र पहिले दोन महिने गप्प बसत. चर्चा मराठीत आणि लेखी निवेदन इंग्रजीत, असा बदल केल्यावर तेच सर्वांत नेमके प्रश्न विचारू लागले. तो बदल पहिल्याच दिवशी करायला हवा होता, याची मला खंत आहे. शिवाय कोणी जाणकार हवाच. पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात काम करणारे एक वकील दोनदा आले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या वेल्लोर निकालाने सावधगिरीचे तत्त्व व ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग कसे ठरवले, ते त्यांनी उलगडले. हा दुवा आमचा आम्हाला सापडला नसता.

केवळ परीक्षेपुरता विषय हवा असेल त्याने या वाटेला जाऊ नये. किमान आठ जण आणि सलग सहा महिने देता येत असतील तर मात्र ही पद्धत अवश्य वापरावी, असे मी खात्रीने सांगेन. वाटाघाटींच्या रिवाजाप्रमाणे, एकमत न झालेला मजकूर आम्ही चौकटी कंसात ठेवतो. आमच्या मसुद्यातील सातवे कलम, पुराच्या काळात विसर्ग किती तास आधी कळवायचा हे सांगणारे, अजून कंसात आहे; वरचे राष्ट्र ७२ तासांवर ठाम आहे, मी ४८ वर आले आहे, आणि येत्या शनिवारी पुन्हा बसायचे आहे.