सोलापूरच्या कन्ना चौकाजवळची अभ्यासिका: दहावीच्या पोरांना घालाच

माझ्या मुलीची दहावी यंदाच झाली, ८८.४० टक्के पडले, म्हणजे डिस्टिंक्शन. ७५ च्या वर गेलं की डिस्टिंक्शन धरतात, ती तर बरीच वर गेली. म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय, या अभ्यासिकेचं नाव घ्यायलाच पाहिजे.

आधीच सांगते, इथे कोणी शिकवत नाही. नोट्स नाहीत, एसी नाही. टेबल-खुर्ची, चांगला लाईट, प्यायला पाणी आणि दर रविवारी सरावाचा पेपर. आमच्या पूर्व भागात कित्येक घरांत खाली लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, असतात, आमच्याकडेपण तेच, दिवसभर खडखड चालू, तिथे पोरीनं वाचायचं कसं? नुसती शांत जागा मिळाली तरी आम्हाला लई झालं असतं, पण खरी कमाई त्या रविवारच्या पेपरची आहे.

पेपर अगदी बोर्डासारखा घेतात. मराठीची कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिका, ८० मार्कांची तीन तास, गणित आणि विज्ञानाचे दोन्ही भाग वेगवेगळे, ४० मार्क दोन तास, आणि बोर्डात आता शेवटी १० मिनिटं जादा देतात तीपण देतात. पुरवणी मागायची, ती दोऱ्यानं बांधायची, गाठ सैल असली की मॅडम परत बांधायला लावतात. मॅडम रिटायर्ड शिक्षिका आहेत आणि तपासतात कशा ते बघण्यासारखं आहे. भूमितीची रचना छान स्वच्छ दिसावी म्हणून माझ्या मुलीनं कंपासचे कंस खोडून टाकले होते, तिथे लाल गोल करून लिहिलं होतं, "कंस दिसले पाहिजेत, मार्क त्याचेच आहेत." भूगोलाच्या नकाशाला सूची नव्हती, तिथे अर्धा मार्क कापला. उपयोजित लेखन २४ मार्कांचं असतं आणि पोरं ते शेवटाला ठेवतात, मग घाईघाईत पत्र अर्धवट राहतं, तर मॅडमनी घड्याळ लावून तेवढाच भाग परत परत लिहून घेतला. शाळेकडचे २० मार्क बहुतेकांना बरे पडतात हो, फरक पडतो तो या लेखी ८० मध्ये.

आणखी एक, सहातले चांगले पाच विषय धरून ५०० पैकी टक्के काढतात म्हणून पोरं एखादा विषय सोडूनच देतात. मॅडम सोडू देत नाहीत, ऐनवेळी कुठला पेपर अवघड जाईल काय सांगावं.

जानेवारीत प्रिलिम आणि गड्डा, म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा, एकदमच येतात, पोरांचं सगळं लक्ष होम मैदानावरच्या जत्रेत. यांनी नंदीध्वजांच्या मिरवणुकीला सुट्टी दिली, बाकी दिवस अभ्यासिका चालू ठेवली आणि पोरं आलीपण. मला हे फार आवडलं, सिद्धरामेश्वरांची यात्रा सोलापूरच्या पोराला चुकवायला लावणं बरोबर नाही.

आता कमी काय ते पण सांगते. फेब्रुवारी संपत आला की वरच्या हॉलमध्ये बसवत नाही इतकं गरम होतं, पंखे आहेत पण गरम हवाच फिरवतात, एखादा कूलर बसवाच ही कळकळीची विनंती. सायकली रस्त्यावरच लावाव्या लागतात. मुलामुलींना मिळून एकच बाथरूम आहे, ते पहिलं बदला.

फी महिना ४०० रुपये, पेपरचे वेगळे पैसे नाहीत. माझ्या भाच्याला शहरातल्या एका मोठ्या क्लासला घातलं होतं, फी कितीतरी पटीनं जास्त आणि वर्षभरात पूर्ण तीन तासांचा एक पेपरसुद्धा लिहून घेतला नाही, पोराला सगळं येत होतं तरी बोर्डात पेपर अर्धवट राहिला. हे बघितल्यावर मी ठाम सांगेन, दहावीच्या पोराला लिहायला बसवा.

रात्री नऊला मुली सुटतात तेव्हा मॅडम किंवा खालचे काका दारात उभे असतात, घरचं माणूस आल्याशिवाय सोडत नाहीत. नववीची परीक्षा झाली की लगेच नाव घाला, दिवाळीनंतर जागा मिळत नाही. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा बाथरूमचा कापला.