जुन्या वॉशिंग मशीनच्या गिअरबॉक्सपायी गेलेले ११,६५८ रुपये

बंद झालेल्या मॉडेलचे सुटे भाग शोधणारा ग्राहक किती अगतिक असतो, हे सुटे भाग विकण्याच्या नावाखाली ऑनलाइन फसवणाऱ्या भामट्यांना नेमके ठाऊक असते. आमचे दोन टबांचे सेमी-ऑटोमॅटिक व्हिडिओकॉन १९९४ सालचे आहे. सील झिजून पाणी गिअरबॉक्समध्ये उतरले, आतले गिअर गंजले आणि पल्सेटर, म्हणजे टबाच्या तळाशी कपडे घुसळणारी चकती, फिरेनासा झाला. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, त्यामुळे तिच्याकडून भाग मिळण्याची आशा नव्हती. पुण्यात तापकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातही ‘नवीन मशीन घ्या’ हाच सल्ला मिळाला. टब शाबूत असलेले मशीन भंगारात घालणे मला पटत नव्हते.

अशा वेळी ‘जुन्या मॉडेलचे ओरिजिनल पार्ट’ अशी जाहिरात ऑनलाइन दिसली. फोनवरच्या माणसाने मी न सांगताच सील गळले असणार हे ओळखले. विश्वास बसला तो त्यामुळेच, आणि कुणाचाही बसला असता. गिअरबॉक्सचे २,३५० आणि स्पिन मोटरचे १,४८० असे ३,८३० रुपये मी यूपीआयने आगाऊ पाठवले.

पैसे दिल्यावर त्याने मालाचा फोटो पाठवला. त्यातल्या गिअरबॉक्सचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, चौकोनी होता. आमचा दातेरी आहे, आणि त्यावर बसणारा पल्सेटर चौकोनी शाफ्टवर बसूच शकत नाही. ज्याने आपल्या हाताने मशीन उघडले आहे, त्याला हे एका नजरेत कळते आणि मलाही कळले होते. मी तसे विचारले, तर तो म्हणाला, ‘फोटो दुसऱ्याचा आहे साहेब, माल तुमचाच पॅक झालाय.’ तो फोटो आठवला की आजही संताप होतो, कारण व्यवहार तिथेच थांबायला हवा होता. शाफ्टचे दाते मोजता येतील असा, त्या दिवशीच्या तारखेच्या चिठ्ठीसह काढलेला फोटो आल्याशिवाय कोणीही एक रुपया देऊ नये.

पुढे पार्सलच्या विम्याची ‘परत मिळणारी’ अनामत म्हणून १,९९९ रुपये गेले. माल येईना म्हणून मी सगळे पैसे परत मागितले, तेव्हा त्याने ५,८२९ रुपयांचा क्यूआर कोड पाठवून ‘स्कॅन करून पिन टाका, रक्कम जमा होईल’ असे सांगितले. तेवढीच रक्कम आणखी गेली. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

बँकेने पिन तुम्हीच टाकला, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा, असे म्हणून हात झटकले. पोलीस ठाण्यात आधी रक्कम किरकोळ असल्याचे ऐकवले, मग सायबर शाखेकडे धाडले, आणि शाखेने पुन्हा ठाण्याकडे. आरोपी आमच्या हद्दीतला नाही, हे कारण तर दोघांनीही दिले. वास्तविक गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घेण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम १७३ मध्ये आहे. ते कलम दाखवल्यावर मला ‘वकील आहात का’ असे विचारण्यात आले. तक्रार घेऊन आलेल्या माणसालाच गुन्हेगारासारखे बसवून ठेवणाऱ्या या यंत्रणेमुळे असे भामटे निर्धास्त राहतात, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसे गेल्याचे कळताच ठाण्याच्या पायऱ्या चढण्याआधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम बँक खात्यांतून काढून घेतली जाण्याआधीच ती गोठवता येते.

तोच चौकोनी शाफ्टचा फोटो आता दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत झळकतो आहे, आणि तिथे गिअरबॉक्सची किंमत १,९५० रुपये लावली आहे.