“परवानगीचं मी बघतो, ताई”

गुहांसाठी वेगळा परवाना लागतो हे आम्हाला माहीत होतं, म्हणूनच फसलो. माहीत नसतं तर थेट फाटकावर जाऊन विचारलं असतं.

गाईडचा नंबर ऑनलाइन मिळाला. पूर्ण पैसे आगाऊ घेतले आणि तासाभरात व्हॉट्सअॅपवर परवाना आला. शिक्का, सही, क्यूआर कोड, सगळं जागच्या जागी. नावं मात्र नव्हती, नुसतं ‘चार व्यक्ती’. ओळखपत्रं मागितली नाहीत, ते तेव्हा सोयीचंच वाटलं. कोड स्कॅन करून पाहिला नाही. पुढे वनरक्षकाने केला, तेव्हा त्याच परवान्याचा फोटो उघडला!

भेटायला त्याने फाटकाच्या अलीकडच्या वळणावर बोलावलं. “तिकडे उगाच रांग असते.” नदीकाठाने मागच्या वाटेने नेलं. वाटेतला झरा इतका नितळ, की तळाचे खडे मोजावेत. गुहेच्या तोंडाशी लोखंडी गज, त्यातला एक वाकवलेला. शेजारी पाटी: वटवाघळांच्या हंगामात प्रवेश बंद. “ते साध्या पर्यटकांसाठी,” तो म्हणाला. आपण साधे नाही, हे ऐकायला कोणाला आवडत नाही?

पाच जणांत विजेरी एकच. गुहांत नेमाने उतरणारे लोक माणशी तीन दिवे बाळगतात. भावाने झोत वर नेला तर माझ्या डोक्याच्या हातभर वर, छताच्या भेगेत सुकलेलं गवत आणि काटक्या अडकलेल्या. “पाखरांचं घरटं,” गाईड म्हणाला. आम्ही मान डोलावली.

दहाएक मिनिटांत बाहेरून शिट्टी वाजली. आम्ही बाहेर येईपर्यंत गाईड पसार. वनरक्षकाने दंडाआधी आम्हाला झऱ्यापाशी नेलं. पाणी गढूळ झालं होतं. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन, पण वरच्या डोंगरात पाऊस लागला होता. चुनखडीच्या भागात ते पाणी भेगांतून आणि विवरांतून थेट खाली उतरतं, मातीतून गाळलं जात नाही. झरा गढूळला की गुहेत पाणी चढू शकतं. काटक्या पुरानेच तिथवर नेलेल्या. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 2018 साली 12 मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक असेच पाण्यामुळे अडकले होते. ते 23 जूनला आत गेले, शेवटचे 10 जुलैला बाहेर आले. ती बातमी मी रोज वाचत होते. तरी त्या गजांतून वाकून आत गेलेच.

दंड भरला, पोलिसांत तक्रार दिली. त्याचा नंबर बंद आहे. नंबर घेताना मला भरवसा वाटला तो त्याच्या प्रोफाइलवरच्या फोटोमुळे: गुहेच्या तोंडाशी हसत उभं असलेलं एक कुटुंब. आत शिरण्याआधी त्याने आमचाही तसाच एक काढून घेतला होता.